‘अल्गोरिदमने केलं’ म्हणजे नेमकं कोणी केलं?

अल्गोरिदमचा विषय निघाला की चर्चा तीनपैकी एका ठरलेल्या वाटेला लागते. पहिल्या वाटेवर अल्गोरिदम हा खलनायक असतो. तो मुलांना बिघडवतो, थोरांना भांडायला लावतो, चांगलं लिखाण दाबून ठेवतो आणि फालतू व्हिडिओ डोक्यावर घेतो. दुसऱ्या वाटेवर प्रोग्रामिंग शिकलेली मंडळी भेटतात. त्यांच्या मते अल्गोरिदम म्हणजे निव्वळ गणित, आणि गणिताला ना राग ना लोभ. तेव्हा आरशावर चिडू नका, आधी आपलं तोंड पाहा. तिसरी वाट भाषाप्रेमींची. तिथे ‘मुळात हा परका शब्द हवाच कशाला’ इथून सुरुवात होते, आणि गणनविधी की कलनविधी की कार्यरीती यावर हमरीतुमरी होईतो मूळ मुद्दा काय होता हे सगळेच विसरलेले असतात. मला या तिन्ही वाटा चुकलेल्या वाटतात, आणि तिन्ही एकाच वळणावर चुकतात. शब्द परका आहे ही अडचण नाही. त्याचा शास्त्रीय अर्थ लोकांना धड माहीत नाही हीही फार मोठी अडचण नाही. वीज म्हणजे काय हे न कळताही आपण दिवे लावतोच. अडचण व्याकरणाची आहे. या शब्दाला आपण वाक्यात भलत्या जागी बसवलं आहे, आणि तिथे तो बसल्यामुळे ज्याने बसायला हवं तो निवांत सुटला आहे.

मराठी शाळेत विभक्ती शिकलेल्यांना तृतीयेची एक गंमत आठवत असेल. ‘रामाने बाणाने रावणाला मारलं.’ दोन्ही शब्दांना ‘ने’ लागलेला आहे, पण दोघांची कामं वेगळी. राम कर्ता आहे, बाण करण. म्हणजे एकाने केलं आणि दुसऱ्याच्या साहाय्याने केलं. एकच प्रत्यय दोन्ही कामं करतो, आणि एरवी त्यातून काही घोटाळा होत नाही, कारण बाण स्वतःहून सुटत नाही हे आपल्याला माहीत असतं. ‘दगडाने काच फोडली’ असं कुणी म्हटलं, तर ऐकणारा लगेच विचारतो, ‘कोणी?’ आता हे वाक्य घ्या: ‘अल्गोरिदमने अर्ज फेटाळला.’ इथला ‘ने’ कोणता? कर्त्याचा की करणाचा? वाक्य दोन्हीकडे झुकू शकतं, आणि नेमकी हीच संदिग्धता काहींच्या फार सोयीची आहे. भूतकाळात ती झाकली जाते, वर्तमानकाळात उघडी पडते. ‘अल्गोरिदम अर्ज फेटाळतो’ म्हटलं की तो सरळसरळ कर्ता झाला, रामाच्या जागी बाण येऊन बसला. ‘बँक अल्गोरिदमने अर्ज फेटाळते’ म्हटलं की बँक कर्ता आणि अल्गोरिदम करण. शब्द तेच, फक्त एक जास्तीचा. पण तो एक शब्द आला की कुणाकडे जाऊन दाद मागायची हे कळतं.

हे मला सुचलं ते पुस्तक वाचून नव्हे, फोनवर. एका संस्थेत माझं खातं अचानक गोठवलं गेलं होतं. ग्राहकसेवेत बोलणारी मुलगी अतिशय नम्र होती. ‘मॅडम, आमच्या हातात काही नाहीये. अल्गोरिदमने फ्लॅग केलंय.’ मी म्हटलं, कशासाठी? ‘ते सिस्टीम सांगत नाही.’ मग फ्लॅग काढणार कोण? ‘ते पण अल्गोरिदमच ठरवतो मॅडम.’ मी तिच्यावर चिडले नाही. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या स्क्रीनवर खरोखरच तेवढंच दिसत असणार. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की पाच मिनिटांच्या त्या बोलण्यात एकाही वाक्याला माणूस कर्ता नव्हता. फ्लॅग अल्गोरिदमने केला, सांगत सिस्टीम नाही, हातात कुणाच्याच काही नाही. पूर्वी जिथे ‘नशिबाने’ यायचं तिथे आता ‘अल्गोरिदमने’ येतं. व्हिडिओ बनवणारी मुलं तर उघडच म्हणतात, सध्या अल्गोरिदम रुसलाय, याआधी चांगला पावत होता. रुसणं, पावणं, कोपणं ही क्रियापदं आपण कुणासाठी राखून ठेवली होती ते सांगायला नको.

गंमत अशी की या शब्दाचा जन्मच कर्ता म्हणून झाला. नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होऊन गेला. अरल समुद्राच्या दक्षिणेकडचा ख्वारझम हा प्रदेश, त्यावरून हे नाव. भारतीय अंक वापरून आकडेमोड कशी करायची हे त्याने एका ग्रंथात समजावून सांगितलं. मूळ अरबी ग्रंथ हरवला. बाराव्या शतकातलं त्याचं लॅटिन रूप टिकलं, आणि त्याची सुरुवात अशी आहे: ‘दीक्सित अल्गोरिझ्मी’. म्हणजे ‘अल्गोरिझ्मी म्हणाला’. हा अल्गोरिझ्मी हाडामांसाचा माणूस होता, तो म्हणाला आणि चुकला असता तर ‘तू चुकलास’ असं त्याला म्हणता आलं असतं. पुढे युरोपात भारतीय अंकांनी हिशोब करण्याच्या पद्धतीलाच अल्गोरिझम म्हणू लागले. माणूस मागे पडला, पद्धत उरली. कर्त्याचं करण झालं. त्यात अंकासाठीच्या ग्रीक शब्दाची सरमिसळ होऊन शेवटचा ‘झम’ जाऊन ‘दम’ आला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा शब्द इतका आडबाजूचा होता की १९५७ च्या एका प्रतिष्ठित इंग्रजी शब्दकोशातही तो नव्हता, फक्त जुना अल्गोरिझम होता, असं डोनाल्ड क्नुथ या संगणकशास्त्रज्ञाने नोंदवून ठेवलं आहे. आणि आता आठशे-नऊशे वर्षांनी आपण पुन्हा तेच वाक्य बोलतो आहोत: अल्गोरिदम म्हणाला. फरक इतकाच, की आता त्या नावामागे कुणी उभं नाही.

करण म्हणून हा शब्द काय आहे ते एकदा जवळून पाहू. १०७१ आणि ४६२ या दोन संख्यांचा मसावि काढायचा आहे. १०७१ ला ४६२ ने भागा, बाकी उरते १४७. मग ४६२ ला १४७ ने भागा, बाकी २१. मग १४७ ला २१ ने भागा, बाकी शून्य. शून्य आलं की थांबा. शेवटचा भाजक, म्हणजे २१, हे उत्तर. ग्रीक गणिती युक्लिडने ही रीत सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी मांडली. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये सांगितलेली कुट्टक नावाची रीत याच जातकुळीची: भागत जा, बाकी घे, पुन्हा भाग. अल्गोरिदम म्हणजे हेच. पायऱ्या ठरलेल्या, प्रत्येक पायरी निःसंदिग्ध, कुठे थांबायचं ते सांगितलेलं. करणारा माणूस असो की यंत्र, उत्तर तेच. गणिताच्या वहीत आपण डावीकडे ‘रीत’ लिहून अधोरेखित करायचो आणि खाली पायऱ्या मांडायचो, ती हीच रीत. पण मसावि काढायचाच कशाला, या दोन संख्या कुठून आल्या आणि आलेल्या उत्तरावरून कुणाचं काय करायचं, यातलं काहीही त्या रीतीत नसतं. ते वहीचा मालक ठरवतो.

आता विरुद्ध बाजूचं म्हणणं. ते कच्चं नाही, त्यामुळे नीट ऐकायला हवं. पहिलं म्हणणं असं, की शब्द वापराने बदलतात आणि त्यांच्यावर पहारा बसवणारे नेहमी हरतात. अगदी मान्य. मी वर सांगितलेली गोष्टच त्याचा पुरावा आहे. एका माणसाचं नाव आकडेमोडीची पद्धत झालं, उद्या ते आणखी काही होईल. इंग्रजीत कॉम्प्युटर हा शब्दही कितीतरी काळ आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरला जात होता, तो यंत्राकडे गेला आणि कुणाचं काही बिघडलं नाही. म्हणून ‘अल्गोरिदमचा खरा अर्थ मसाविची रीत आहे, तुम्ही चुकीचा वापरता’ असं दरडावणाऱ्यांच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. आज लोक अल्गोरिदम म्हणतात तेव्हा त्यांना एका मोठ्या कारभाराकडे बोट दाखवायचं असतं: गोळा केलेली माहिती, ती तोलणारी सूत्रं, त्यावर बसलेली कंपनी, तिचा नफा. एवढ्या मोठ्या गोष्टीला एक सुटसुटीत नाव हवं होतं, ते मिळालं. ठीक आहे. माझी तक्रार अर्थ रुंदावल्याची नाहीच. कारभाराचं नाव घेताना कारभारी गाळला जातो, तक्रार तिथे आहे.

दुसरं म्हणणं याहून अवघड. बोलीत आपण निर्जीव वस्तूंना सर्रास कर्ता करतो. पावसाने घात केला, पुराने गाव नेलं, घड्याळाने दगा दिला. त्यात कुणी पावसाला आरोपी समजत नाही, मग अल्गोरिदमवरच एवढा कटाक्ष का? कारण पावसाला मालक नाही. पाऊस किती पडावा याची बैठक होत नाही, आणि पुढल्या तिमाहीत तो वाढवा असं कुणी सांगत नाही. फेसबुकने २०१६ मध्ये ‘लाइक’च्या जोडीला हसू, अश्रू, राग अशा भावमुद्रा आणल्या. पुढच्या वर्षीपासून कोणती पोस्ट किती लोकांपुढे न्यायची हे मोजताना अशा प्रत्येक भावमुद्रेला साध्या लाइकच्या पाचपट वजन देण्यात आलं. म्हणजे एखाद्या पोस्टवर वीस जण संतापले तर ती शंभर जणांना आवडल्यासारखी धरली जायची. हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून जगाला कळलं. त्याआधी, २०१८ मध्ये रागाचं वजन पाचावरून चारावर आणलं गेलं आणि २०२० मध्ये शून्यावर. पाच, मग चार, मग शून्य. हे आकडे ढगातून पडले का? कुणीतरी पाच लिहिलं, कुणीतरी ते पुरेसं मानलं, आणि राग लोकांना खेचतो पण त्यांचं भलं करत नाही हे दिसल्यावर कुणीतरी ते खोडलं. ‘अल्गोरिदम आपल्याला भडकवत होता’ या वाक्यात हे तिन्ही ‘कुणीतरी’ गायब होतात. आणि हो, ‘वजन देण्यात आलं’ हे वाक्य वर मीच लिहिलं. ‘करण्यात आलं’, ‘देण्यात येत आहे’ ही कर्ता गिळणारी रचना कार्यालयीन मराठीने आपल्या हाडीमाशी इतकी मुरवली आहे, की तिच्यावर लेख लिहितानाही ती हातातून निसटते. अल्गोरिदमने नवीन काही केलं नाही, फक्त आयतं रिकामं सिंहासन पटकावलं.

तिसरं म्हणणं सगळ्यात बळकट आहे आणि ते तंत्रज्ञान खरोखर जाणणाऱ्यांकडून येतं. ते म्हणतात, तुमची मसाविची रीत आता जुनी झाली. आजची यंत्रं शिकतात. लाखो उदाहरणं दाखवली की ती आपल्या आतले अब्जावधी आकडे हळूहळू सरकवत नेतात, आणि शेवटी जे तयार होतं ते कुणी ओळीने लिहिलेलं नसतं. अमुकच उत्तर का आलं हे बनवणाऱ्यांनाही सांगता येत नाही. मग ‘यंत्राने ठरवलं’ म्हणण्यात चूक काय? इथे मी अर्धं पाऊल मागे घेते. आतल्या प्रत्येक पायरीचा जाब माणसाकडे मागता येत नाही हे खरं आहे, आणि जे तसा आव आणतात त्यांना हे तंत्र कळलेलं नाही. पण शिकणाऱ्या यंत्रालाही तीन गोष्टी बाहेरून द्याव्या लागतात: कशावरून शिकायचं, कशाला बरोबर म्हणायचं आणि उत्तर आल्यावर काय करायचं. यातली मधली गोष्ट सगळ्यात घातक, कारण ती सगळ्यात निरुपद्रवी दिसते. अमेरिकेत रुग्णालयं एक संगणकीय मोजमाप वापरत होती. कोणत्या रुग्णाला जास्तीची देखभाल लागेल हे आधीच ओळखायचं, हे त्याचं काम. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याची तपासणी प्रसिद्ध झाली. एकच गुणांक मिळालेल्या रुग्णांमध्ये कृष्णवर्णीय रुग्ण गोऱ्यांपेक्षा बरेच जास्त आजारी होते. गंमत म्हणजे यंत्राला रुग्णाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता. मग हे झालं कसं? ‘गरज’ मोजणं कठीण, म्हणून तिच्या जागी ‘खर्च’ मोजायचा असं ठरलं होतं. पुढे ज्याच्यावर जास्त खर्च होईल तो जास्त गरजू. पण तिथे कृष्णवर्णीयांवर मुळातच कमी खर्च होत आला आहे. यंत्राने खर्चाचा अंदाज चोख काढला. ते आपल्या कामात कुठेच चुकलं नाही. हा कल दुरुस्त केला तर जास्तीची मदत मिळणाऱ्यांतलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असं संशोधकांनी दाखवलं. गरजेऐवजी खर्च हा शब्द निवडला तो यंत्राने नव्हे, आणि ती निवड समजून घ्यायला अब्जावधी आकड्यांच्या आत डोकवावंही लागत नाही. एका वाक्यात सांगता येते. मी आत्ताच सांगितली.

यावरून दुसऱ्या वाटेवरच्या मंडळींचाही हिशोब चुकता होतो. ‘अल्गोरिदम तटस्थ असतो, ते केवळ गणित आहे’ असं ते म्हणतात तेव्हा त्यांना वाटतं आपण पहिल्या वाटेवरच्यांना खोडून काढतो आहोत. प्रत्यक्षात दोघेही एकच वाक्य बोलत असतात. एकजण अल्गोरिदमला दोषी कर्ता करतो, दुसरा निर्दोष कर्ता. बाणाला फाशी द्यायची की सन्मानाने सोडायचं यावर भांडण चाललेलं, आणि राम कधीच घरी गेलेला.

हे सगळ्यात ठळकपणे घडलं ते इंग्लंडमध्ये, २०२० साली. साथीमुळे बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षा झाल्याच नाहीत. शिक्षकांनी अंदाजे श्रेणी दिल्या आणि प्रत्येक शाळेने विद्यार्थी क्रमाने लावून दिले. शिक्षक हात सैल सोडतात आणि निकाल फुगतो, ही भीती होती. म्हणून शिक्षणमंत्र्यांनी परीक्षा नियामकाला सांगितलं की यंदाचे निकाल मागच्या वर्षांच्या चाकोरीतच बसले पाहिजेत. मग सूत्र असं बनलं: शाळेचा मागच्या काही वर्षांचा निकाल पाहायचा, त्याच प्रमाणात यंदाच्या श्रेणी वाटायच्या आणि क्रमवारीनुसार मुलांना त्यात बसवायचं. ज्या शाळेतून पूर्वी कुणाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नव्हती, तिथल्या हुशार मुलीची वाट तिच्या जन्माआधीच्या नव्हे तरी तिच्या आधीच्या मुलांनी अडवली. वर्गात पाच किंवा त्याहून कमी मुलं असतील तर मात्र हे सूत्र लावायचं नाही, शिक्षकांचा अंदाजच धरायचा. आणि एवढे छोटे वर्ग खासगी शाळांत जास्त असतात. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा सुमारे ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या होत्या. मुलं रस्त्यावर उतरली आणि चार दिवसांत सरकारने माघार घेतली. त्यानंतर पंतप्रधान बोरिस जॉन्सन एका शाळेत गेले आणि मुलांना म्हणाले, एका ‘म्युटंट अल्गोरिदम’मुळे तुमचे गुण जवळजवळ रुळावरून घसरले होते. म्युटंट! जणू प्रयोगशाळेतून काहीतरी उत्परिवर्तन होऊन निसटलं होतं. वास्तविक त्या सूत्राने तेच केलं जे त्याला सांगितलं होतं, आणि काय सांगितलं होतं ते नियामकाने तीनशेहून जास्त पानांच्या अहवालात निकालाच्याच दिवशी छापलंही होतं. निकाल फुगू द्यायचा नाही, मग एखाद्या मुलावर अन्याय झाला तरी चालेल, हा निर्णय राजकीय होता. तो चूक होता की बरोबर यावर वाद घालता येतो. पण म्युटंटशी वाद कसा घालणार? चळवळीतल्या मुलांच्या घोषणाही अल्गोरिदमच्याच नावाने शिव्या देणाऱ्या होत्या. म्हणजे पंतप्रधानांनी जो आडोसा घेतला, तो आंदोलकांनीच उभा करून ठेवला होता. पहिल्या वाटेचा हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो.

ऑस्ट्रेलियातलं उदाहरण आणखी उघडं आहे, कारण तिथे शिकणारं यंत्र वगैरे काही नव्हतं. होता एक भागाकार. ‘रोबोडेट’ या नावाने ती योजना ओळखली जाते. सरकारी भत्ता घेणाऱ्यांना दर पंधरवड्याला आपली कमाई कळवावी लागे. करखात्याकडे मात्र वर्षाची एकूण कमाई असे. दोन्हींची सांगड घालायला वर्षाच्या कमाईला २६ पंधरवड्यांनी भागायचं ठरलं. समजा, एखाद्या बाईने वर्षाचे पहिले १३ पंधरवडे नोकरी केली आणि प्रत्येकी २,००० डॉलर मिळवले. मग नोकरी गेली, आणि उरलेले १३ पंधरवडे तिने शून्य कमाई दाखवून रीतसर भत्ता घेतला. वर्षाची कमाई २६,०००, भागिले २६, पंधरवड्याला १,०००. झालं! म्हणजे बेकार असताना ती दर पंधरवड्याला हजार डॉलर मिळवत होती आणि ते लपवत होती, काढा वसुलीची नोटीस. यातली चूक सहावीतलं मूल दाखवेल. अशी सरासरी त्या खात्यात आधीही काढली जायची, पण तिथून चौकशी सुरू व्हायची. कुणीतरी माणूस फोन उचलून मालकाला विचारायचा. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या योजनेत चौकशीचं ते काम बाजूला सारलं गेलं आणि आपण निर्दोष आहोत हे दाखवायचा भार गरिबांवर टाकला गेला. शंभर कोटींहून जास्त डॉलर परत करण्याची आणि माफ करण्याची पाळी आल्यानंतर, २०२३ मध्ये चौकशी आयोगाने आपल्या अहवालात ही व्यवस्था ना न्याय्य होती ना कायदेशीर, असं स्पष्ट म्हटलं. त्या आयोगाचं मला जास्त कौतुक वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. त्याने भागाकाराची साक्ष घेतली नाही. कोणत्या बैठकीत कोण होतं, कायदेशीर सल्ला कुणी मागितला, कुणी दडपला, हे त्याने माणसांना विचारलं. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर त्याने ‘कशाने’ हे सोडून ‘कोणी’ हे विचारलं.

भाषाप्रेमींना मी शेवटी ठेवलं आहे, कारण त्यांच्याशी माझं भांडण घरातलं आहे. गणनविधी हा शब्द वाईट नाही. पण ‘गणनविधीने आपला अर्ज नामंजूर केला आहे’ या वाक्यात काय सुधारलं? उलट विधी म्हटल्यावर त्याला ब्रह्मदेवाचाही वास येतो, विधिलिखित म्हणून माणूस आणखीच गप्प बसायचा. मला विचाराल तर ‘रीत’ हा शब्द या सगळ्यांहून सरस आहे, पारिभाषिक कोशासाठी नव्हे, ऐकलेलं वाक्य तपासून पाहण्यासाठी. कुणी अल्गोरिदम म्हटलं की मनात त्या जागी रीत घालून पाहावं. ‘रीतीने अर्ज फेटाळला’: वाक्य लगेच लंगडतं. कान म्हणतो, कोणाच्या रीतीने? रीत कोणाची तरी असावी लागते. अल्गोरिदम या शब्दाला अजून तशी षष्ठी चिकटलेली नाही. तो निराधार, स्वयंभू वावरतो. शब्द इंग्रजीच वापरा, हरकत नाही, पण मागे ‘चा’ लावायला लावा. अमक्या कंपनीचा अल्गोरिदम. तमक्या खात्याचा अल्गोरिदम. तेवढ्यानेही अर्धं काम होतं.

हा केवळ शब्दांचा कीस आहे असं वाटणाऱ्यांसाठी कायद्यातली एक गोष्ट. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्यात माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारा वेगळा आणि त्याच्या वतीने ती हाताळणारा वेगळा, अशी फोड आहे. ज्या निर्णयाचा आपल्यावर मोठा परिणाम होतो तो पूर्णपणे यंत्राने घेऊ नये, असा हक्कही, काही अपवाद सोडून, त्यात दिला आहे. जर्मनीत शूफा नावाची एक कंपनी लोकांची पत मोजून गुणांक देते. एका बाईंना कर्ज नाकारलं गेलं. त्यांनी शूफाकडे हिशोब मागितला, तर कंपनीचं म्हणणं असं की निर्णय आम्ही घेतच नाही, आम्ही फक्त आकडा देतो. कर्ज द्यायचं की नाही ते बँक ठरवते. आणि बँक काय म्हणणार? आकडा कमी आला. दोन संस्थांच्या मधल्या फटीत कर्ता पडून गेला होता. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की बँक त्या आकड्यावर प्रामुख्याने विसंबत असेल, तर आकडा काढणं हाच निर्णय आहे, आणि तो काढणाऱ्याला ‘आम्ही फक्त मोजतो’ म्हणून सुटता येणार नाही. म्हणजे ज्याने करण पुढे केलं होतं त्याला न्यायालयाने धरून कर्त्याच्या जागी बसवलं. आकड्यामागे कोण उभं आहे, ही काळजी नवी नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये जमाखर्चाच्या वह्यांत नवे भारतीय अंक वापरायला बंदी घातली आणि रकमा रोमन पद्धतीने किंवा अक्षरांत लिहायला लावल्या होत्या. अल्गोरिझ्मीची रीत युरोपात पसरत होती त्याच काळातली ही गोष्ट. या बंदीला आपण मागासलेपणा म्हणून हसतो. पण वही हे पुरावा म्हणून उभं राहायचं साधन आहे, आणि आज हिशोबात काय लिहिलंय याला उद्या कोण जबाबदार, हा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. धनादेशावर रक्कम अक्षरी लिहून खाली सही आपण अजूनही करतोच.

माझ्या गोठलेल्या खात्याचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आठवड्याने मी परत फोन केला. या वेळी एक मुलगा होता. त्यानेही तेच सांगितलं, अल्गोरिदमने फ्लॅग केलंय. मी म्हटलं, ‘कशाने केलं ते कळलं. कोणी केलं ते सांगा.’ तो थांबला. मग म्हणाला, ‘म्हणजे... तो रूल रिस्क टीमने लावलाय मॅडम, मागच्या महिन्यात. एक मिनिट होल्ड करता का, त्यांना विचारून सांगतो.’